लाटांचे भाकीत : युद्धाकडून खेळाकडे

मोरोक्को हा आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यातला देश. त्याच्या अटलांटिक किनाऱ्यावर, आगादिर शहराच्या उत्तरेला, तागाझूत नावाचे कोळ्यांचे गाव आहे. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी तरुण फळ्या घेऊन येथे येऊ लागले. फळीवर उभे राहून लाटेच्या उतारावरून घसरत जाण्याच्या खेळाला सर्फिंग म्हणतात. एका लाटेवर सहसा एकालाच नीट घसरता येते. म्हणून लाटा उत्तम आणि माणसे थोडी असा किनारा या खेळाडूंना फार मोलाचा वाटतो. तागाझूत तसा होता. मात्र चांगल्या लाटा कोणत्या दिवशी येतील हे तेथे कोणी सांगू शकत नसे. मुक्काम ठोकून वाट पाहणे एवढेच हाती असे.

आज असा अंदाज काही दिवस आधी मिळतो. ज्या शास्त्रातून तो निघाला, त्याची पहिली मोठी कसोटी याच देशाच्या किनाऱ्यावर लागली होती. फरक इतकाच, की त्या वेळी माणसांना लाटा हव्या नव्हत्या, टाळायच्या होत्या.

१९४२ साली दोस्त राष्ट्रांनी उत्तर आफ्रिकेत सैन्य उतरवण्याचे ठरवले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्याचा सराव चालू होता. लाटा पाच-सहा फुटांहून उंच झाल्या की सैनिकांना नेणाऱ्या सपाट होड्या आडव्या होत, आत पाणी शिरे, माणसे जखमी होत. मग त्या दिवसाचा सराव थांबवावा लागे. वॉल्टर मंक या पंचविशीतल्या तरुणाने हे पाहिले आणि मोरोक्कोची माहिती काढली. तेथे हिवाळ्यात लाटा बहुधा याहून उंच असतात, असे त्याला आढळले. सराव थांबवता येतो, पण चढाई ऐन वेळी कशी थांबवणार? मंकने आपले गुरू, नॉर्वेचे सागरशास्त्रज्ञ हाराल्ड स्वेर्ड्रुप यांना बोलावून घेतले.

दोघांनी प्रश्नाचे तीन भाग केले. वाऱ्याचा वेग किती, तो किती वेळ वाहिला आणि समुद्राच्या किती लांब पट्ट्यावरून वाहिला, यांवरून वादळात उठणाऱ्या लाटांची उंची व आवर्तकाल काढायचा. पुढे त्या लाटा दूरच्या प्रवासात किती बदलतात ते पाहायचे. शेवटी उथळ पाण्यात त्यांचे काय होते ते ठरवायचे. आता अडचण आली ती 'लाटेची उंची' म्हणजे नेमके काय, याची. सगळ्या लाटा सारख्या नसतात. होडीचा नावाडी डोळ्यांनी जी उंची सांगे, ती सर्वांत उंच अशा एक-तृतीयांश लाटांच्या सरासरीशी जुळत असे. तीच व्याख्या पुढे जगभर रूढ झाली.

८ नोव्हेंबर १९४२ हा चढाईचा दिवस ठरला होता. वॉशिंग्टन आणि लंडनहून आलेले अंदाज प्रतिकूल होते. चढाईच्या नौदल ताफ्याचे प्रमुख हेविट यांच्या जहाजावरील हवामान अधिकारी स्टीअर यांनी मात्र लाटा ओसरतील असे सांगितले. हेविट यांनी त्यांच्यावर भरवसा ठेवला आणि समुद्र खरोखरच बराच शांत झाला. तरीही फेदाला, म्हणजे आजचे मोहम्मदिया, येथे अनेक होड्या खडकांवर आणि लाटांत फुटल्या. बाल्यावस्थेतल्या या शास्त्रावर माणसांचे प्राण असे अवलंबून होते. पुढे मंक व स्वेर्ड्रुप यांनी कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत लष्करी अधिकाऱ्यांना ही पद्धत शिकवली. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईच्या वेळीही तिचा उपयोग झाला.

वादळ तर हजारो किलोमीटर दूर असते. मग किनाऱ्यावरची तारीख कशी काढायची? खोल पाण्यात लाटांची ऊर्जा किती वेगाने पुढे सरकते, हे आवर्तकालावर अवलंबून असते. सेकंदांतील आवर्तकालाला २.८ ने गुणले, की ताशी किलोमीटरमध्ये हा वेग मिळतो. २० सेकंदांच्या लाटांची ऊर्जा ताशी ५६ कि.मी. जाते, १० सेकंदांच्या लाटांची २८ कि.मी. उत्तर अटलांटिकमध्ये ३,००० कि.मी. दूर वादळ झाले, तर मोरोक्कोला पहिल्या लाटा सुमारे सव्वादोन दिवसांत पोचतील आणि दुसऱ्या साडेचार दिवसांनी. म्हणजे प्रवासात लाटांची आपोआप वर्गवारी होते. वादळातला गोंधळ मागे राहतो आणि किनाऱ्यावर एकसारख्या, शिस्तीच्या रांगा येतात. तागाझूतजवळ जमिनीची टोके समुद्रात शिरली आहेत. तेथे उथळ पाण्यातला लाटेचा भाग मंदावतो, त्यामुळे लाट वळते आणि एका टोकाकडून क्रमाक्रमाने फुटत जाते. खेळाडूला लांबवर घसरता येते ते यामुळेच.

या लाटा किती दूरवर टिकतात, हे मंक व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मोजले. न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत पॅसिफिकमध्ये सहा ठिकाणी त्यांनी मापनकेंद्रे मांडली. दक्षिण महासागरातील वादळांच्या लाटा १०,००० कि.मी.हून अधिक अंतर पार करून उत्तरेला पोचत होत्या. वादळापासून एकदा दूर गेल्यावर त्यांची ऊर्जा फारच थोडी घटत होती.

१९८५ मध्ये कॅलिफोर्नियात फोनवर लाटांचे अंदाज सांगणारी सेवा सुरू झाली. पुढे संगणक आणि उपग्रह मदतीला आले. तागाझूतला आता हॉटेले आहेत आणि चांगल्या लाटेच्या दिवशी पाण्यात गर्दी असते. रिकाम्या लाटेपर्यंत पोचवणाऱ्या ज्ञानानेच तिचे रिकामेपण घालवले. पण याच ज्ञानामुळे आता मच्छीमाराला वेळीच सावध करता येते. आपल्याकडे हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था असे अंदाज देते. वारा नसताना केरळच्या किनाऱ्यावर अचानक चढणाऱ्या पाण्याला तेथे 'कल्लक्कडल' म्हणतात. दक्षिण महासागरातून आलेल्या लाटा हे त्याचे मुख्य कारण.

आपली शाळा कोकणात असेल, तर वर्गाला किनाऱ्यावर न्यावे. पाण्यातला एखादा खडक नजरेत धरून ओळीने अकरा शीर्षे मोजावीत आणि पहिल्यापासून अकराव्यापर्यंतच्या वेळेला दहाने भागावे. वारा नसताना उत्तर १४ सेकंदांहून जास्त आले, तर मुलांना विचारावे, "हे वादळ कोठे झाले असेल?" मग नकाशा पुढे ठेवावा.