व्होल्गेच्या तीरावरून सह्याद्रीच्या पायथ्याशी

रशिया हे नाव आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना नवे नाही. १९३० साली पोप अकरावे पायस यांनी मिस्सानंतरच्या प्रार्थना रशियासाठी अर्पण कराव्यात असे सांगितले आणि पुढे सुमारे पस्तीस वर्षे जगभरच्या कॅथॉलिक मंदिरांतून त्या म्हटल्या गेल्या. फातिमाच्या संदेशामुळे जपमाळेच्या वेळीही हे नाव घरोघरी पोचले. ज्या देशासाठी आपल्या आजी-आजोबांनी इतकी वर्षे गुडघे टेकले, तो देश आहे तरी कसा, तेथील माणसांनी काय भोगले आणि आपल्या रायगड जिल्ह्याशी त्यांचा काही संबंध आहे काय, असे प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. संबंध आहे, आणि तो साडेपाचशे वर्षांचा जुना आहे.

प्रथम त्या भूमीचा विस्तार ध्यानात घेऊ. रशियाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ७१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या पाचपटीहून अधिक आहे. पश्चिम टोकाला माणसे झोपायला निघतात तेव्हा पूर्व टोकाला दुसरा दिवस उजाडलेला असतो; एका देशात ११ कालविभाग आहेत. मॉस्कोहून व्लादिवोस्तोकला जाणारा लोहमार्ग ९,२८८ किलोमीटर लांबीचा आहे. सैबेरियातील बैकाल सरोवर १,६४२ मीटर खोल असून पृथ्वीवरील न गोठलेल्या गोड्या भूपृष्ठजलाचा सुमारे पाचवा हिस्सा त्या एकट्याच्या पोटात आहे. उत्तरेच्या फार मोठ्या भागात जमीन बारमाही गोठलेली असते. शेती पिकते ती मुख्यतः दक्षिणेकडच्या काळ्या मातीत. एवढ्या प्रदेशात वस्ती मात्र १५ कोटींहूनही कमी, म्हणजे महाराष्ट्र आणि गुजरात मिळून जितकी होईल त्याहूनही थोडी.

या देशाची खरी वाट म्हणजे त्याच्या नद्या. व्होल्गा ही युरोपातील सर्वांत लांब नदी. ३,५०० किलोमीटरांहून अधिक प्रवास करून ती कास्पियन समुद्राला मिळते. तिच्या वरच्या अंगाला त्वेर नावाचे नगर आहे. पंधराव्या शतकात ते एका स्वतंत्र संस्थानाची राजधानी होते. तेथील एक व्यापारी, अफनासी निकितीन, काही सोबत्यांसह नावेत माल भरून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली निघाला. अस्त्राखानजवळ तार्तरांनी त्यांना लुटले. मालाबरोबर त्याचे धर्मग्रंथही गेले. कर्ज काढून आणलेला माल गेल्यावर रिकाम्या हाताने घरी परतणे म्हणजे सावकाराच्या दारात उभे राहणे. निकितीन परतला नाही. दर्बंद, बाकू आणि इराण ओलांडून तो होर्मुझला पोचला, तेथे त्याने एक घोडा विकत घेतला आणि घोड्यांची ने-आण करणाऱ्या गलबतातून मस्कत, दीव, खंबायत असे करीत १४७० च्या सुमारास तो उतरला तो आपल्या चौल बंदरात.

वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये. निकितीन त्याच्या पाव शतकाहून अधिक आधी आला. तो कोकणात आलेला पहिला युरोपीय मात्र नव्हे. ठाण्यास १३२१ साली चार फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी हौतात्म्य पत्करले, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु सामान्य व्यापाऱ्याच्या नजरेने आपला मुलूख पाहून, जे दिसले ते साध्या भाषेत टिपून ठेवणारा असा पाहुणा विरळा.

घोडाच का, असा प्रश्न पडेल. दख्खनच्या हवेत चांगल्या जातीचे घोडे निपजत नसत, आणि बहमनी सुलतानांना घोडदळावाचून राज्य राखता येत नव्हते. म्हणून अरबस्तान-इराणचे घोडे चौल व दाभोळ या बंदरांत उतरत आणि घाट चढून वर जात. निकितीन याच ओघातला एक. चौलहून आठ दिवसांनी पाली, तेथून दहा दिवसांनी उमरी आणि मग सहा दिवसांनी जुन्नर, असे मुक्काम त्याने नोंदविले आहेत. ही पाली म्हणजे आपल्या सुधागड तालुक्यातील पाली, असे अनेक अभ्यासक मानतात. कोणता घाट चढला हे त्याने लिहिलेले नाही. कर्जतहून मुरबाडकडे जाताना कशेळे गाव लागते. तेथून पूर्वेकडे कोथळीगड आणि भीमाशंकरचे डोंगर समोर उभे राहतात. खांडसहून गणपती घाटाने अथवा शिडी घाटाने आजही माणसे पायी भीमाशंकरला जातात. त्या काळी अशाच वाटांनी बैलांचे तांडे आणि घोडी वर चढत होती. कोकण आणि देश यांना जोडणारी ही भिंत त्या परदेशी माणसाने पायाखाली घातली, एवढे निश्चित.

चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि त्याच दिवसांत लोक नांगरतात व पेरतात, असे त्याने लिहून ठेवले. ज्याच्या मुलखात वर्षाचे पाच महिने बर्फाखाली जातात, त्याला पावसात शेती करणारी माणसे पाहून नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही. कशेळे परिसरातील भातशेतकऱ्याला मात्र या नोंदीत आपलेच आषाढ-श्रावण दिसतील.

जुन्नरला त्याच्यावर खरा प्रसंग गुदरला. तेथील अधिकारी असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला आणि हा माणूस मुसलमान नसून रशियन आहे असे कळताच अट घातली: इस्लाम स्वीकारशील तर घोडाही मिळेल आणि वर एक हजार मोहरा, नाही तर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरांचा दंड. मुदत चार दिवसांची. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणापूर्वीचा उपवासकाळ चालू होता. जवळ धर्मगुरू नाही, ग्रंथ नाही, एकही स्वकीय नाही. होता तो घोडा, आणि तोच त्याचे सारे भांडवल. तरीही निकितीनने मान तुकवली नाही. अशा वेळी मुहम्मद नावाचा एक खोरासानी खजिनदार तेथे आला. निकितीनने त्याला विनविले, त्याने खानापाशी रदबदली केली, आणि घोडा परत मिळाला. ही घटना आम्हांला फार मोलाची वाटते. एका मुसलमान अधिकाऱ्याने धर्माची सक्ती केली, तर दुसऱ्या मुसलमानानेच ख्रिस्ती माणसाला त्याच्या धर्मात राहू दिले.

पुढे बिदरला नाताळच्या सुमारास घोडा विकला गेला. हिंदवासीयांत वावरताना त्याने ‘खोजा युसुफ खोरासानी’ असे नाव धारण केले होते. परंतु आपण ख्रिस्ती आहोत हे त्याने हिंदूंना सांगितले तेव्हा त्यांनी आपले जेवणखाण, देवपूजा, काहीही त्याच्यापासून लपविले नाही. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलाच्या यात्रेलाही गेला आणि हे यांचे जेरुसलेम, असे त्याने लिहिले. तरी मनाची तगमग संपली नाही. ग्रंथ लुटले गेल्यामुळे पास्काचा दिवस नेमका कोणता हे त्याला कळेना. तो अंदाजाने उपवास करी, अंदाजाने सण पाळी. अखेर दाभोळहून तो स्वदेशी निघाला आणि काळा समुद्र ओलांडून गेला. पण त्वेर दिसण्यापूर्वीच स्मोलेन्स्कच्या आसपास त्याला मृत्यू आला. त्याच्या हातची टिपणे १४७५ मध्ये मॉस्कोला पोचली आणि ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध झाली. १९५७ साली त्यावर ‘परदेसी’ हा भारत-रशिया सहकार्याचा चित्रपट निघाला. रेवदंड्यात त्याचा स्मारकस्तंभ आजही पाहावयास मिळतो.

निकितीन ज्या रशियातून निघाला तो रशिया मात्र त्याच्यामागे बदलत होता. तेराव्या शतकात मंगोलांनी ती भूमी उद्ध्वस्त केली होती. १४८० मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने ते जोखड झुगारून दिले. पण त्याच इव्हानने स्वकीयांचे स्वातंत्र्यही संपविले. नोव्गोरोद नगरात नागरिकांची सभा घंटा वाजवून भरविली जात असे. १४७८ मध्ये इव्हानने ती घंटाच उतरवून मॉस्कोला नेली. १४८५ मध्ये त्वेरही बुडाले. पुढील चार शतके झारांची सत्ता वाढत गेली आणि शेतकरी जमिनीला जखडला गेला. दोन कोटींहून अधिक भूदासांची मुक्तता झाली ती १८६१ मध्ये. दुमा ही प्रतिनिधिसभा आली १९०६ मध्ये, आणि तिलाही झारने धड चालू दिले नाही. १९१७ च्या क्रांतीनंतर निवडून आलेली घटना समिती जानेवारी १९१८ मध्ये जेमतेम एक दिवस बसली. बोल्शेविकांनी तिला पुन्हा भरू दिले नाही.

नव्या राजवटीने साक्षरता वाढविली, कारखाने उभारले. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये तेथे गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. श्रमिकाला मान देणारा देश म्हणून रशियाने आपल्याकडील पीडितांना आशा दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळाही उभारला गेला. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी. पेत्रोग्रादच्या संत कॅथरिन धर्मग्रामाचे प्रमुख कॉन्स्टंटी बुडकिएविच यांना १९२३ च्या पास्काच्या सुमारास गोळी घालण्यात आली. मॉस्कोचे ख्रिस्त तारक महामंदिर ५ डिसेंबर १९३१ रोजी सुरुंगाने उडविले. हजारो ऑर्थोडॉक्स धर्मगुरू छळछावण्यांत गेले. निकितीनने पास्काचा दिवस परमुलखात हरवला होता. त्याच्या वंशजांनी तो स्वतःच्या घरी लपून पाळला.

१ डिसेंबर १९८९ रोजी गोर्बाचेव्ह पोप दुसरे जॉन पॉल यांना भेटले, १९९० मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला आणि १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघच विसर्जित झाला. संत कॅथरिनचे मंदिर १९९२ मध्ये श्रद्धावंतांना परत मिळाले. मॉस्कोचे महामंदिर पुन्हा बांधून २००० मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. १९९३ च्या राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य आणि मतस्वातंत्र्य दोन्हींची हमी दिली. मंदिरे उघडली, मोकळी सभा मात्र टिकली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले, आणि पुढच्याच महिन्यात सैन्याविरुद्ध बोलणाऱ्यांस शिक्षा देणारा कायदा आला. मॉस्कोचे पॅट्रिआर्क किरील यांनी या युद्धाला उघड पाठिंबा दिला. २५ मार्च २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रशिया आणि युक्रेन ही दोन्ही राष्ट्रे पवित्र मरियेच्या निष्कलंक हृदयाला समर्पित केली.

म्हणजे रशियासाठी प्रार्थना करण्याचे आपले काम संपलेले नाही. तिचा अर्थ मात्र अधिक नीट समजावा. आम्हांस वाटते, ती एखाद्या राष्ट्राने शरण यावे म्हणून करावयाची प्रार्थना नव्हे. श्रद्धेची सक्ती आणि श्रद्धेची बंदी, दोन्ही त्या भूमीच्या लेकरांनी सोसल्या आहेत. आणि सत्तेच्या मांडीवर बसलेल्या धर्माचे काय होते, हेही ती भूमी आज दाखवीत आहे. बहुसंख्य असो वा अल्पसंख्य, शेजाऱ्याच्या श्रद्धेसाठी रदबदली करणारा एक तरी मुहम्मद प्रत्येक गावात असावा लागतो. जुन्नरच्या त्या चार दिवसांची कथा आपल्या मुलांना अवश्य सांगावी, आणि चौल-रेवदंड्यास सहल निघेल तेव्हा पोर्तुगीज मंदिरांच्या भिंती पाहून झाल्यावर निकितीनच्या स्तंभापाशीही त्यांना घटकाभर थांबवावे.