‘सेव्ह’ म्हणजे नेमकं काय वाचवलं?



आपल्या गटाच्या बैठकीत एक इंग्रजी शब्द सारखा कानावर पडतो. “ताई, माझा नंबर सेव्ह करून घ्या.” “सेव्हिंगचं पासबुक आणलंय का?” “फोटो सेव्ह झाला का बघा.” साबणाच्या पाकिटावर छापलेलं असतं, सेव्ह 10 रुपये. शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असतं, सेव्ह वॉटर. शब्द एकच, पण कुठे नंबर साठवायचा, कुठे पैसे मागे टाकायचे, कुठे पाणी जपून वापरायचं. इतकी कामं एकाच शब्दाकडे कशी आली? आज त्याचीच गोष्ट सांगणार आहोत. ती गोष्ट फिरून आपल्या गटापर्यंतच येते.

हा शब्द इंग्रजीचा जन्मापासूनचा नाही. 1066 साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं. राज्य त्यांचं, दरबार त्यांचा, म्हणून पुढच्या दोन-तीनशे वर्षांत फ्रेंच भाषेतले हजारो शब्द इंग्रजीत मिसळले. आपल्या मराठीत हिशेब, जमा, खर्च, बाकी हे शब्द असेच फारसीच्या वाटेने आले आणि आपलेच होऊन बसले. ‘सेव्ह’ही तसाच फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये तो आला होता लॅटिनमधून. तिथे मूळ शब्द होता ‘साल्व्हुस’. त्याचा अर्थ धडधाकट, अखंड, कुठे मोडतोड न झालेला. भाषेचे अभ्यासक सांगतात, की संस्कृतातला ‘सर्व’ आणि हा ‘साल्व्हुस’ एकाच मुळाचे. म्हणजे आपण रोज ‘सर्वांना नमस्कार’ म्हणतो, त्यातला ‘सर्व’ हा ‘सेव्ह’चा लांबचा भाऊच झाला. ‘सेफ’ हा शब्दसुद्धा त्याच कुळातला.

तेव्हा या शब्दाचा पहिला अर्थ पैशाचा नव्हताच. तो होता माणसाला अखंड राखण्याचा. इंग्रजीत तो सुरुवातीला वावरला मरणापासून, संकटापासून, पापापासून वाचवण्याच्या अर्थाने. चर्चमध्ये आत्म्याच्या तारणासाठी तोच शब्द. ब्रिटिशांच्या राष्ट्रगीतात देवाने राजाला राखावं अशी विनवणी आहे, तिथेही तोच शब्द. 1882 साली मुंबईत एक ख्रिस्ती संघटना काम करायला उतरली. तिच्या इंग्रजी नावात याच कुळातला शब्द होता, आणि आपल्या लोकांनी तिला नाव दिलं ‘मुक्तिफौज’.

मग हा शब्द पैशाकडे कधी वळला? चौदाव्या शतकाच्या सुमारास ‘खर्च न करता राखून ठेवणं’ असा अर्थ इंग्रजीत दिसायला लागतो. यात नवल वाटण्यासारखं काही नाही. माणूस राखायचा तर त्याच्यासाठी काहीतरी राखून ठेवावंच लागतं. आपल्याकडे पाहा. ‘बचत’ हा शब्द हिंदीच्या ‘बचना’वरून आला. हिंदीतला ‘ब’ मराठीत बऱ्याचदा ‘व’ असतो. त्यांचं बीस, आपलं वीस. त्यांचं बचना, आपलं वाचणं. म्हणजे आपल्या भाषेतही जीव वाचणं आणि पैसा वाचणं एकाच घरातलं आहे. बियाण्याचं धान्य भूक लागली तरी न खाता राखणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

शब्द एकदा चालायला लागला की थांबत नाही. एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये राहणाऱ्या इंग्रजांनी तिथल्या लोकांच्या बोलण्यावरून ‘चेहरा सेव्ह करणं’ असा प्रयोग उचलला. त्यांचा चेहरा, आपलं नाक. आपण त्याला नाक राखणं, अब्रू राखणं म्हणतो. फुटबॉलमध्ये गोलकीपर चेंडू अडवतो, तेही सेव्ह. कोणासाठी जागा धरायची, तेही सेव्ह. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तेच काम. पुढे कॉम्प्युटर आला. केलेलं काम वीज गेल्यावर पुसून जाऊ नये म्हणून जपून ठेवायचं, त्यालाही सेव्हच म्हणायला लागले. मराठीत त्यासाठी ‘जतन करा’ असं लिहितात. चांगला शब्द आहे, पण बैठकीत आपण सगळ्या जणी ‘सेव्ह’च म्हणतो.

या सगळ्यात आपल्या कामाची वाट आहे ती बचतीची. ती जरा सावकाश पाहू.

इंग्लंडमध्ये लंडनजवळ टॉटनहॅम नावाचं गाव होतं. तिथे प्रिसिला वेकफिल्ड नावाची बाई राहत होती. ती मुलांसाठी पुस्तकं लिहायची, वनस्पतींवरही तिने पुस्तक लिहिलं होतं. 1798 साली तिने गावातल्या गरीब बायकांसाठी एक मंडळ काढलं. सभासद बाईने वयाप्रमाणे ठरलेली रक्कम दरमहा भरायची. आजारपणात मंडळाने मदत करायची, साठीनंतर तिला निवृत्तिवेतन मिळायचं. मुलांनाही पै-पैसा टाकता यावा अशी सोय तिने केली. इंग्लंडमधल्या अगदी पहिल्या बचत बँकांमध्ये तिच्या या कामाची गणना होते. दरमहा ठरलेली वर्गणी, अडीनडीला मदत. मैत्रिणींनो, हे ओळखीचं वाटतंय ना?

त्यानंतर 1810 साली स्कॉटलंडमधल्या रथवेल या खेड्यात हेन्री डंकन या पाद्र्याने बचत बँक सुरू केली. तेव्हा मोठ्या बँकेत खातं उघडायला 10 पौंड लागत. मजुराला ते जन्मात जमले नसते. डंकनच्या बँकेत 6 पेन्सपासून सुरुवात करता येत होती. असे 6 पेन्स 400 वेळा जमवावे, तेव्हा 10 पौंड होत. एवढा फरक होता. पुढे 1861 साली ब्रिटनमध्ये पोस्टात बचत खाती निघाली, आणि 1882 साली ती सोय हिंदुस्थानातल्या पोस्टांतही आली. ‘सेव्हिंग’ हा शब्द आपल्या गावांत पोहोचला तो मोठ्या प्रमाणावर पोस्टाच्या या पासबुकाबरोबर.

पण यात एक गोम होती. बाईने पैसे साठवले तरी ते कोणाचे? इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईची कमाई आणि तिच्याकडची रोकड नवऱ्याची मानली जायची. बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्या मिलिसेंट फॉसेट यांची पर्स एकदा स्टेशनवर चोराने मारली. चोर पकडला गेला. आरोपात लिहिलं होतं, की बाईंच्या अंगावरून पर्स चोरली, आणि ती मालमत्ता हेन्री फॉसेट यांची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची. बाईंनी लिहून ठेवलंय, की चोरीचा आळ जणू आपल्यावरच आला असं त्यांना वाटलं. 1870 च्या कायद्याने बाईची कमाई आणि बचत बँकेतली तिची ठेव तिची झाली. 1882 च्या कायद्याने बाकीची मालमत्ताही तिची झाली.

आपल्या देशात 1874 साली असा कायदा झाला. त्याने बाईची कमाई बाईची मानली. पण हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन बायकांना त्यातून वगळलं होतं. मग उरल्या किती? पुढे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने हिंदू बाईच्या ताब्यातल्या मालमत्तेवर तिचा पूर्ण हक्क मान्य केला. या कायद्यात बौद्ध, जैन आणि शीखही धरले आहेत.

कायदा येईपर्यंत आपल्या आज्या-पणज्या थांबल्या नव्हत्या. उतरंडीच्या खालच्या मडक्यात, धान्याच्या कणगीत, पदराच्या गाठीत त्यांचा पैसा असायचा. स्वयंपाकाच्या तांदळातून मूठभर तांदूळ बाजूला पडायचे. भिशी चालायची. हा पैसा लपवावा लागायचा, यातच सगळं आलं. लपवलेला पैसा घरातून वाचायचा, पण त्यावर व्याज नव्हतं, त्यावर कर्ज मिळत नव्हतं, आणि बाई गेली की कोणाला त्याचा पत्ताही नसायचा.

1992 साली नाबार्डने 500 बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. तेव्हापासून गटाच्या नावाचं खातं, गटाच्या ठरावावर कर्ज, ही वाट मोकळी झाली. मडक्यातला पैसा उजेडात आला. बायकांनी एकत्र बसून मोजलेला, वहीत लिहिलेला, सगळ्यांसमोर वाचून दाखवलेला पैसा म्हणजे आपला गट.

आता हा इतिहास आज का सांगितला, ते सांगतो. गटांबरोबर काम करताना आम्हाला दिसतं, की हळूहळू बचत ही कर्ज मिळवण्यापुरती उरते. हप्ता गेला, सही झाली, बैठक संपली. काही घरांत पासबुक बाईच्या नावाचं, पण एटीएम कार्ड आणि पिन दुसऱ्याच्या खिशात. काही ठिकाणी गटाचं कर्ज बाई उचलते, पैसा वापरतं कोणी भलतंच, आणि फेडायला पुन्हा बाईच. कागदावर सेव्हिंग आहे, पण वाचलं कोण? फॉसेटबाईंच्या पर्सवर दुसऱ्याचं नाव लिहिलं गेलं होतं. आपल्या पासबुकावर नाव आपलं आहे, तर पैसाही आपल्या हातात हवा.

तीच गोष्ट पाकिटावरच्या 10 रुपयांची. ते वाचवायला आधी 90 रुपये घालवावे लागतात. वस्तू लागतच असेल तर ठीक, नाहीतर त्यात आपण काही वाचवलं नाही, दुकानदाराचा माल खपवला.

म्हणून पुढच्या बैठकीत पंचसूत्रीची पाचही कामं झाली की दहा मिनिटं जास्त बसा. वहीत शिल्लक किती ते सचिव ताई वाचतीलच. त्यानंतर प्रत्येकीने एवढंच सांगायचं: गेल्या वर्षभरात गटाच्या पैशाने माझ्या घरात काय वाचलं? कोणाचं बाळंतपण वेळेत दवाखान्यात झालं असेल, कोणाचं मंगळसूत्र सावकाराकडून सुटलं असेल, कोणाच्या मुलीची शाळा वाचली असेल. आणि माझं पासबुक आज कुठे आहे, कार्ड कोणाकडे आहे, हेही सांगायचं. ज्यांना सांगायला अवघड जाईल, त्यांच्याजवळ बाकीच्यांनी बसायचं. गट त्यासाठीच आहे.