शुगर अचानक कमी झाली तर? टाइप १ डायबेटिसमधला हायपो: मीटर, सेन्सर आणि खिशातली साखर

टाइप १ डायबेटिस म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात 'शुगर वाढणं' येतं. पण रोज इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला तातडीचा धोका बऱ्याचदा उलट्या बाजूने येतो. शुगर भराभर खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. यालाच हायपोग्लायसेमिया किंवा बोलीभाषेत 'हायपो' म्हणतात.

आता मदतीला ग्लुकोमीटर आहे, दंडावर लावायचा सेन्सर आहे, मोबाइलवर अलार्मही वाजतो. पण मे महिन्यात हिंगणघाटला पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा ही यंत्रं कशी वागतात? आणि यंत्र एक सांगतंय, शरीर दुसरं सांगतंय, तर ऐकायचं कुणाचं? हेच या लेखात सोप्या भाषेत समजून घेऊया.

थोडक्यात उत्तर: हायपोची लक्षणं दिसली आणि मीटर हाताशी नसेल, चालत नसेल किंवा त्याच्या आकड्यावर शंका असेल, तर आधी साखर खा, तपासणी नंतर. एकदा चुकून जास्त साखर खाल्ली तर शुगर थोडा वेळ वाढेल. हायपोत वेळ घालवला तर माणूस बेशुद्ध पडू शकतो.

हायपो कधी म्हणायचं?

- ७० पेक्षा कमी: पहिली पायरी. लगेच साखर घ्यायची. (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या मीटरवर दिसतात तेच.)
- ५४ पेक्षा कमी: दुसरी पायरी. मेंदूला ग्लुकोज कमी पडायला लागतं. गोंधळ, चिडचिड, धूसर दिसणं सुरू होतं.
- दुसऱ्याची मदत लागणं: तिसरी पायरी, म्हणजे गंभीर हायपो. इथे आकडा महत्त्वाचा नाही. माणूस स्वतःहून साखर खाऊ शकत नाही, हीच खूण.

मीटरवर आकड्याऐवजी 'लो' असं दिसलं तर शुगर मीटरच्या मोजण्याच्या मर्यादेखाली गेली आहे. बऱ्याच मीटरवर ही मर्यादा २० असते. हा बिघाड समजून दुसरी पट्टी शोधत बसू नका.

शरीर स्वतः का सावरत नाही?

निरोगी माणसाची शुगर कमी व्हायला लागली की स्वादुपिंड इन्सुलिन थांबवतं आणि ग्लुकागॉन नावाचं हार्मोन सोडतं. ग्लुकागॉन यकृताला सांगतं, 'साठवलेलं ग्लुकोज बाहेर काढ.' टाइप १ मध्ये दोन्ही गोष्टी अडतात. एकदा टोचलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही, ते आपलं काम करतच राहतं. शिवाय आजाराला काही वर्षं झाली की हायपोच्या वेळी ग्लुकागॉन सुटणंही मंदावतं.

वारंवार हायपो झाले तर आणखी एक अडचण येते. घाम, धडधड, थरथर या इशाऱ्यांची शरीराला सवय होते आणि ते यायचेच बंद होतात. मग माणूस ५० वर असूनही 'मी बरा आहे' म्हणतो. चांगली गोष्ट अशी, की काही आठवडे हायपो टाळले तर हे इशारे बऱ्याच जणांत परत येतात. त्यासाठी डोस बदलावा लागतो, आणि तो डॉक्टरांना विचारूनच.

लगेच काय करायचं? १५-१५ चा नियम

1. काम थांबवा, बसा. गाडी चालवत असाल तर बाजूला घ्या.
2. १५ ग्रॅम पटकन विरघळणारी साखर घ्या.
3. १५ मिनिटं थांबा.
4. हात धुऊन पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्या.
5. शुगर वर आली आणि जेवणाला वेळ असेल तर पोळी, भाकरी, बिस्किटं असं काही खा.

'हात धुऊन' हे शब्द महत्त्वाचे आहेत. बोटाला साखर किंवा गूळ चिकटलेला असेल तर ती साखरही थेंबात मिसळते आणि मीटर खोटा मोठा आकडा दाखवतं.

लहान मुलांना १५ ग्रॅम जास्त होतात. त्यांचा साधारण हिशेब वजनाच्या दर किलोला ०.३ ग्रॅम असा आहे. म्हणजे २० किलोच्या मुलाला ६ ग्रॅम.

कोणती साखर चालते, कोणती नाही?

- साधी साखर: चहाचा एक सपाट चमचा म्हणजे सुमारे ४ ग्रॅम. मोठ्या माणसाला पाण्यातून तीन ते चार चमचे.
- ग्लुकोज पावडर: सगळ्यात झटपट. पाकिटावर ग्रॅम बघून १५ ग्रॅमची पुडी आधीच बांधून ठेवा.
- कोल्ड्रिंक: साधं असेल तर सुमारे १५० मिली. 'डाएट' किंवा 'झिरो' लिहिलेलं असेल तर त्यात साखरच नाही, काही उपयोग नाही.
- चॉकलेट, पेढा, बर्फी: यांतल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. हायपोत पहिली निवड नको.
- ओआरएस: इथे खूप जण फसतात. प्रमाणित ओआरएसच्या एक लिटर पाण्यात फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. २०० मिलीच्या ग्लासात ते तीन ग्रॅमही भरत नाही. उन्हात चक्कर आली म्हणून ओआरएस पाजलं आणि खरं कारण हायपो असेल, तर तेवढ्याने शुगर वर येणार नाही.

ग्लुकोमीटर किती खरं सांगतो?

पट्टीवरचं एन्झाइम रक्तातल्या ग्लुकोजवर क्रिया करतं, त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि मीटर त्याचा आकडा करून दाखवतं. २०१३ च्या आयएसओ मानकानुसार १०० च्या खालच्या शुगरमध्ये मीटरचे ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा फार तर १५ ने कमी-जास्त असले तरी चालतात.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. खरी शुगर ६५ असताना मीटरने ८० दाखवलं, तरी मीटर मानकात बसतं! म्हणून ७८ किंवा ८० दिसतंय पण घाम फुटलाय, हात थरथरतायत, तर 'नॉर्मल आहे' म्हणून थांबू नका. साखर घ्या.

उन्हाचं काय? मीटर ठरावीक तापमानातच चालतं. बऱ्याच मॉडेलची वरची मर्यादा ४० ते ४५ अंशांच्या आसपास असते. ती ओलांडली की स्क्रीनवर थर्मामीटरचं चिन्ह किंवा एरर येतो. दुपारी बाइकच्या डिक्कीत राहिलेल्या मीटरचं हेच होतं. अशा वेळी मीटर सावलीत, घरात आणून १५-२० मिनिटं ठेवा. फ्रिजमध्ये टाकू नका. आणि तोवर लक्षणं असतील तर साखर खाऊन घ्या, मीटर सुरू व्हायची वाट बघू नका. पट्ट्याही बहुतेक ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. त्यांची डबी घट्ट बंद ठेवा, ओल लागली की आकडे चुकतात.

सेन्सर आणि मोबाइल अलार्म

सीजीएम सेन्सरची बारीक तार कातडीखाली बसते आणि शुगर सतत मोजत राहते. पण ती रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली शुगर मोजते. म्हणून आकडा रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. यातून तीन गोष्टी निघतात:

- शुगर घसरत असताना सेन्सर ८५ आणि खाली जाणारा बाण दाखवत असेल, तर रक्तातली शुगर त्याहून खाली गेलेली असू शकते. बाण आकड्याइतकाच महत्त्वाचा.
- साखर खाल्ल्यावर सेन्सर थोडा वेळ कमीच दाखवत राहतो. घाबरून पुन्हा पुन्हा खाऊ नका, बोटातून तपासा.
- झोपेत सेन्सर दाबला गेला तर खोटा 'लो' दिसू शकतो. कूस बदला, बोटातून खात्री करा. लक्षणं असतील तर मात्र आधी साखर.

घेताना दुकानात एक प्रश्न नक्की विचारा: याला आपोआप अलार्म आहे का? फ्रीस्टाइल लिब्रेचं पहिलं मॉडेल फोन जवळ नेऊन स्कॅन केल्यावरच आकडा देतं. रात्री झोपेत ते स्वतःहून उठवत नाही. अलार्म असलेला सेन्सर असेल तर फोनमध्ये त्या अ‍ॅपला बॅटरी सेव्हरमधून सूट द्या, 'डू नॉट डिस्टर्ब'मध्येही वाजायची परवानगी द्या, ब्लूटूथ चालू ठेवा आणि फोन त्याच खोलीत ठेवा. वीज जाणाऱ्या रात्रीसाठी पॉवर बँक भरलेली असू द्या. आकडे घरच्यांच्या फोनवर दाखवणारी अ‍ॅप्सही आहेत. मुलगी नागपूरला होस्टेलवर आणि आई हिंगणघाटला असेल तर त्यांचा मोठा आधार होतो. पण दोन्हीकडे नेट हवं.

विदर्भाचा उन्हाळा आणि इन्सुलिन

गरमीत कातडीचा रक्तप्रवाह वाढतो आणि टोचलेलं इन्सुलिन लवकर शोषलं जातं. नेहमीचा डोस, नेहमीचं जेवण, तरी हायपो होऊ शकतो. इन्सुलिन घेऊन लगेच उन्हात काम किंवा गरम पाण्याने अंघोळ, दोन्ही टाळा.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण फ्रीझरजवळ नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. वापरात असलेलं साधारण ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे चालतं, तरी आपल्या कंपनीची चिठ्ठी वाचा. फ्रिज नसेल तर मातीच्या भांड्याची युक्ती खरोखर उपयोगी आहे. मडक्यातून पाझरणारं पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं. कूलरचं तत्त्व तेच. म्हणून आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ती चांगली चालते, पावसाळ्यातल्या दमट हवेत कमी. इन्सुलिन मात्र पाणी न शिरणाऱ्या डबीत ठेवा.

आता यातला लपलेला धोका बघा. उन्हाने इन्सुलिन कमजोर झालं की शुगर वाढते, मग डोस वाढवला जातो. नंतर ताजी बाटली उघडली आणि तोच वाढलेला डोस घेतला, तर शुगर धाडकन खाली येऊ शकते. म्हणून नवीन बाटलीचे पहिले दोन-तीन दिवस जास्त वेळा तपासा.

कष्टाचं कामही ध्यानात ठेवा. वावरात दिवसभर कापूस वेचला किंवा रात्रीच्या वीजपाळीत ओलित केलं, तर त्याचा परिणाम कित्येक तासांनी, झोपेतही दिसतो. अशा दिवशी झोपण्याआधी तपासणी चुकवू नका. दारू घेतली तर यकृत ग्लुकोज सोडायचं काम मागे टाकतं. कष्ट आणि दारू एकत्र म्हणजे रात्रीच्या हायपोला आमंत्रणच.

लाल टोपी, केशरी टोपी: जीव वाचवणारा फरक

भारतात इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. बाटल्यांमध्ये बहुतेक वेळा एका मिलीत ४० युनिट, पेनच्या काडतुसात १०० युनिट. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत ओढलं तर शरीरात १० नाही, २५ युनिट जातात, म्हणजे अडीचपट! पेन बिघडलं म्हणून काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन ओढायचा प्रयोग घरी करू नका. मेडिकलमधून सिरिंज घेताना बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग जुळवा.

माणूस बेशुद्ध पडला तर?

- तोंडात पाणी, साखर, दूध काहीही घालू नका. श्वासनलिकेत जाऊ शकतं.
- कुशीवर वळवा, तोंड मोकळं ठेवा.
- झटके येत असतील तर कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. दातांत चमचा घालू नका.
- घरात ग्लुकागॉनचं इंजेक्शन असेल आणि शिकवलेलं असेल तर द्या. २५ किलोखालच्या मुलांना साधारण अर्धा मिलिग्रॅम, त्यावर १ मिलिग्रॅम. ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, म्हणून आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.
- १०८ ला फोन करा आणि 'इन्सुलिन घेणारा पेशंट आहे, शुगर कमी झाली आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा.

हिंगणघाटकरांनी आधी जवळचं उपजिल्हा रुग्णालय गाठावं. शिरेतून ग्लुकोज देणं हा मोठ्या हॉस्पिटलपुरता उपचार नाही. थेट सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरला निघालात तर सगळ्यात मोलाचा वेळ रस्त्यात जातो. नंतरच्या नियमित तपासणीसाठी आणि डोस बसवण्यासाठी मात्र सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय उपयोगी पडतं. इन्सुलिनचा खर्च झेपत नसलेल्या टाइप १ च्या मुलांसाठी नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी सुरू केलेली ड्रीम ट्रस्ट काम करते.

शाळेत आणि परीक्षेत

वर्गशिक्षकांना एका कागदावर तीन गोष्टी लिहून द्या: लक्षणं कशी दिसतात, साखर किती द्यायची, फोन कुणाला करायचा. हायपो झालेल्या मुलाला एकट्याने घरी किंवा पाणी प्यायला पाठवू नका, सोबत कुणीतरी हवं. सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप १ च्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं असा खाऊ सोबत नेण्याची मुभा दिली. बोर्ड कोणतंही असो, डॉक्टरांचं पत्र जोडून शाळेमार्फत आधीच परवानगी घ्या.

आज संध्याकाळी करायची पाच कामं

1. साखरेच्या १५ ग्रॅमच्या पुड्या बांधा. एक खिशात, एक दप्तरात, एक उशाशी, एक गाडीत.
2. मीटरची चालण्याची तापमान मर्यादा माहितीपत्रकात बघा.
3. इन्सुलिनवरचा ४० किंवा १०० चा आकडा आणि सिरिंजची टोपी जुळवा.
4. फोनचा अलार्म रात्रीच्या सेटिंगमध्ये वाजतो का, ते तपासा.
5. घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, 'शुद्धीत असेल तर साखर, बेशुद्ध असेल तर कुशीवर आणि १०८' एवढं पाठ करवा.

मीटर आणि सेन्सर जरूर वापरा, त्यांच्यामुळे बरेच हायपो आधीच कळतात. पण शुगर वर आणायचं काम त्यांच्याने होत नाही, ते साखरच करते. म्हणून घराबाहेर पडताना मोबाइल घेतला का, हे बघतो तसंच साखरेची पुडी घेतली का, हेही बघा.