ठिणगीची विद्या आणि तिची भाषा : जव्हार-मोखाड्याच्या घाटरस्त्यांच्या संदर्भात

जव्हार हे मुकणे घराण्याच्या संस्थानाचे राजधानीचे गाव. चौदाव्या शतकात उदयास आलेले हे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याचा मुलूख पुढे ठाणे जिल्ह्यात राहिला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात मोडतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर वसलेल्या ह्या गावास रेल्वे कधीच लाभली नाही. पश्चिमेस डहाणू व पालघर, पूर्वेस त्र्यंबकेश्वर व नाशिक, आग्नेयेस कसारा व इगतपुरी अशा कोणत्याही दिशेस जावयाचे झाले तरी घाट चढावा किंवा उतरावा लागतो. साहजिकच ह्या मुलखाचा बाहेरच्या जगाशी आलेला यांत्रिक संबंध हा प्रामुख्याने मोटारीचा संबंध होय. आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटार म्हणजे पेट्रोलवर व विद्युत्-ठिणगीवर चालणारी मोटार असेच समीकरण होते.

ती ठिणगी निर्माण करणारी जुनी यंत्रणा सांभाळण्याचे ज्ञान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसे गेले, ते कोठे खंडित झाले आणि त्याचे कोणते अवशेष भाषेत उरले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. यंत्राचा इतिहास सामान्यतः शोधकांच्या व कारखान्यांच्या बाजूने लिहिला जातो. दुरुस्ती करणाऱ्याचा इतिहास मात्र बहुधा अलिखित राहतो, कारण त्याचे साधन कागद नसून हात, कान आणि बोली हे असते.

प्रथम यंत्रणेचे स्वरूप पाहू. पेट्रोलच्या इंजिनात हवा व इंधन ह्यांचे मिश्रण दाबले गेल्यावर ते नेमक्या क्षणी पेटवावे लागते. आरंभीच्या मोटारींत हे काम निरनिराळ्या प्रकारांनी होत असे. जर्मनीतील बॉश कारखान्याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला आणि काही काळ तोच प्रमाण ठरला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग व एडवर्ड डीड्स ह्यांनी १९०९ साली ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ स्थापन केली. केटरिंगने सिद्ध केलेली बॅटरी व कॉइल ह्यांवर आधारलेली पद्धती, विजेच्या स्टार्टरच्या जोडीने, १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आली. पुढील सुमारे सहा-सात दशके जगातील बहुसंख्य पेट्रोल मोटारी ह्याच तत्त्वावर चालल्या.

हे तत्त्व समजण्यास कठीण नाही. बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून वाहतो व तेथे चुंबकक्षेत्र निर्माण करतो. दोन लहान धातूच्या टोकांचा, म्हणजे ‘प्वाइंट’चा, संपर्क तुटला की प्रवाह एकाएकी थांबतो, चुंबकक्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत कित्येक हजार व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. हा दाब फिरत्या रोटरच्या द्वारे एकेका प्लगकडे क्रमाने पोचविला जातो. प्वाइंटच्या टोकांवर ठिणगी उडून ती जळू नयेत आणि प्रवाह झटकन तुटावा म्हणून त्यांच्याशी समांतर कंडेन्सर जोडलेला असतो. चार सिलिंडरांच्या चतुर्घाती इंजिनास मिनिटास ३,००० फेऱ्यांच्या वेगाने चालताना दर सेकंदास १०० ठिणग्या लागतात. म्हणजे प्वाइंटची जोडी सेकंदात शंभर वेळा उघडते आणि मिटते. अशा भागाची झीज होणे अपरिहार्यच. म्हणून ही यंत्रणा जितकी साधी, तितकीच ती सतत निगा मागणारी होती.

ह्या निगेचे मर्म दोन गोष्टींत होते. पहिली गोष्ट प्वाइंटमधील अंतराची. ते बहुतेक मोटारींत अर्ध्या मिलिमीटरहून थोडे कमीच असे. फीलर गेज जवळ नसल्यास जाड भेटकार्डाची कड वापरून काम भागविता येई, कारण तिची जाडी त्या मापाच्या जवळपास भरते. दुसरी गोष्ट टायमिंगची. ठिणगी फार लवकर पडली तर चढावर इंजिनातून धातूवर हातोडी मारल्यासारखा ठोका ऐकू येतो. फार उशिरा पडली तर इंजिन तापते आणि गाडी उचल घेत नाही. आरंभीच्या मोटारींत ठिणगी पुढे-मागे करण्याचा दांडा चालकाच्या हाताशीच असे. ठिणगी पुढे ठेवूनच कोणी हँडल मारले तर ते उलटा झटका देई व मनगट मोडण्याचा धोका असे. म्हणजे टायमिंगचे ज्ञान त्या काळी केवळ कारागिराचे नव्हते. ते चालकाच्या हाडामांसाशी निगडित होते.

जव्हारसारख्या प्रदेशात ह्या ज्ञानाला विशेष महत्त्व होते. त्याची कारणे भौगोलिक आहेत. घाटाचा चढ हा टायमिंगची खरी परीक्षा घेतो. सपाट रस्त्यावर झाकला जाणारा दोष तेथे लगेच उघड होतो. दुसरे कारण पावसाचे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील ह्या भागात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीचिंब असते. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल शिरली की उच्च दाबाची वीज प्लगपर्यंत न जाता ओल्या पृष्ठभागावरून भलतीकडे वळते आणि इंजिन ‘मिसिंग’ करू लागते किंवा मुळीच सुरू होत नाही. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसणे, तिच्या आतील बाजूस कोळशाच्या रेघेसारखी बारीक चीर पडली आहे काय हे पाहणे, तारांचे आवरण तपासणे, ही कामे तेथे वाटेतच करावी लागत. तोरंगणच्या घाटात बंद पडलेल्या मोटारीच्या चालकास नाशिकच्या कारागिराची वाट पाहणे परवडणारे नव्हते.

हे ज्ञान कसे शिकविले जात असे, ह्याचे उत्तर मराठी भाषेतच सापडते. गॅरेजमध्ये शिकणाऱ्या मुलास मराठीत ‘उमेदवार’ म्हणतात व त्याच्या शिक्षणास ‘उमेदवारी’. फारसीतून आलेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘आशा बाळगणारा’ असा आहे. हिंदीत तो निवडणुकीच्या किंवा नोकरीच्या इच्छुकापुरता राहिला. मराठीने मात्र त्याला शिष्यत्वाचाही अर्थ दिला, आणि १९६१ च्या कायद्याच्या संदर्भातही ‘शिकाऊ उमेदवार’ हीच संज्ञा रूढ झाली. शिकविणारा तो ‘वस्ताद’ किंवा ‘मिस्त्री’. वस्ताद हा ‘उस्ताद’ ह्या फारसी शब्दाचाच मराठी अवतार असून तालीम, गायन-वादन आणि कारखाना ह्या तिन्ही क्षेत्रांत तो वावरतो. हे साम्य केवळ शाब्दिक नाही. तिन्ही ठिकाणी शिक्षण अनुकरणाने व पुनरावृत्तीने होते. नियम मागाहून कळतो.

यंत्रभागांची नावे पाहिली तर इतिहासाचे आणखी काही थर दिसतात. सर्वांत लक्षणीय शब्द ‘डेल्को’ हा होय. भारतातील अनेक भागांतील मोटार-कारागीर डिस्ट्रिब्यूटरला डेल्को म्हणतात. हा शब्द म्हणजे केटरिंगच्या कंपनीच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांचे संक्षिप्त रूप आहे. ती कंपनी पुढे जनरल मोटर्समध्ये सामील झाली आणि जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. तो १९५४ पर्यंत चालला. तेथून बाहेर पडणाऱ्या शेवरलेट मोटारींमुळे हे नाव कारागिरांच्या तोंडी बसले असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे. पुढे फियाट, ॲम्बॅसडर व जीप ह्या निराळ्या घराण्यांच्या गाड्या आल्या, त्यांचे भाग निराळ्या कारखान्यांचे होते. तरी शब्द बदलला नाही. वनस्पती तुपास ‘डालडा’ म्हणावे तशातलाच हा अर्थविस्तार होय.

ह्याच कोटीतील ‘सेल्फ’ हा शब्दही चिंतनीय आहे. ‘सेल्फ-स्टार्टर’ ह्या जोडशब्दातील मुख्य पद गळून पडले आणि विशेषणच नाम बनले. ‘करंट’ ह्या शब्दाचा अर्थ येथे पदार्थविज्ञानातील विद्युत्-प्रवाह इतका व्यापक नसून ‘प्लगपर्यंत पोचणारी ठिणगी’ असा संकुचित झाला आहे. ‘करंट येत नाही’ ह्या एका वाक्यात कारागीर अर्धे निदान सांगून टाकतो. स्कूटर व मोटारसायकलीच्या बाबतीत मॅग्नेटोचा ‘मॅग्नेट’ झाला. क्रियापदे मात्र बहुतेक देशी राहिली : प्वाइंट ‘घासणे’, टायमिंग ‘जुळविणे’, इंजिन ‘बांधणे’. नावे परकी आणि क्रिया स्वकीय, ही विभागणी अर्थपूर्ण आहे. वस्तू बाहेरून आली, परंतु तिच्यावर चालणारा हात येथला होता. ज्या मुलांच्या घरची बोली वारली, कोकणा किंवा ठाकरी असते, त्यांना गॅरेजची ही मिश्र परिभाषा मराठी-हिंदीसह नव्याने शिकावी लागते. अशा वेळी शब्द शिकणे आणि काम शिकणे ह्या दोन क्रिया वेगळ्या राहत नाहीत.

ही परंपरा खंडित झाली ती एकदम नव्हे, दोन टप्प्यांत. आणि डोंगरी भागात व मुंबईत हे टप्पे सारखे नव्हते. सामान्य समजूत अशी की, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली आणि प्वाइंटची विद्या गेली. मुंबईपुरते हे बरेचसे खरे आहे. घाटमाथ्यावर मात्र पहिला आघात डिझेलचा होता. डिझेल इंजिनात इंधन दाबाच्या उष्णतेनेच पेटते. त्यास ठिणगीची आवश्यकता नसते. १९५४ पासून टाटा-मर्सिडीझ मालमोटारींनी अवजड वाहतुकीत डिझेल रुजविले. महिंद्र कंपनी १९४७ पासून जीप जुळवीत होती. सुरुवातीच्या त्या जीप पेट्रोलच्या होत्या. १९८० नंतरच्या काळात प्रवासी जीपही प्रामुख्याने डिझेलची झाली. खराब रस्ते, लांबचा चढ आणि स्वस्त इंधन ह्या तिन्ही दृष्टींनी ही निवड योग्यच होती. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की, डोंगरी तालुक्यांतील चारचाकी वाहनांच्या दुरुस्तीतून कॉइल, कंडेन्सर आणि प्वाइंट हे विषय इलेक्ट्रॉनिक युगाच्या आधीच मागे पडले. त्यानंतर ते उरले ते मुख्यतः स्कूटर व मोटारसायकलींपुरते.

मुंबईत ह्याच्या उलट घडले. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डी नमुन्याची मोटार निघू लागली व तीच पुढे प्रीमियर पद्मिनी ह्या नावाने टॅक्सी म्हणून सर्वत्र पसरली. सन २००० नंतर ह्या टॅक्सी मोठ्या प्रमाणावर नैसर्गिक वायूवर चालू लागल्या. वायूच्या इंजिनासही ठिणगी लागतेच. किंबहुना ती अधिक जोमदार लागते. त्यामुळे प्वाइंट घासणारे हात मुंबईत आणखी वीस वर्षे कामात राहिले. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे झाली होती. टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली आणि तिच्याबरोबर ह्या विद्येचा रोजचा व्यवहारही संपला.

दुसरा टप्पा प्रदूषण-मानकांचा. २००० सालापासून क्रमाने कडक होत गेलेल्या आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांमुळे ठिणगीचा क्षण आता संगणक ठरवितो. नव्या पिढीचा कारागीर वाहनास तपासणी-यंत्र जोडतो, दोषाचा क्रमांक वाचतो आणि भाग बदलतो. ह्या ज्ञानास हीन लेखणे अन्यायाचे होईल. त्यालाही स्वतःची शिस्त आहे. तथापि ‘दुरुस्त करणे’ ह्या क्रियापदाची जागा ‘बदलणे’ ह्या क्रियापदाने घेतली, ही घटना भाषेच्या अभ्यासकास नोंदवावीच लागेल. काळवंडलेले प्वाइंट पाहून कंडेन्सरवर संशय घेणे, ठिणगी निळी व कडक आहे की पिवळी व मंद हे पाहून कॉइलचे बल ओळखणे, ही कार्यकारणाची साखळी त्या बदलात दृष्टीआड होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. संगणक आला तरी कॉइल गेलेली नाही. आजच्या मोटारीतही प्रवाह तोडून उच्च दाब उत्पन्न करण्याचे केटरिंगचे तत्त्वच कार्य करते. केवळ तोडणारा भाग धातूचा न राहता अर्धवाहकाचा झाला आहे. म्हणून जुनी यंत्रणा ही नवीन यंत्रणेची उघडी प्रतिकृतीच होय. जे आता बंद पेटीत घडते, ते तेथे डोळ्यांनी दिसते. १९५० साली सुरू झालेल्या कारागीर-प्रशिक्षण योजनेखालील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ह्या दृष्टीने एखादा जुना डेल्को व त्याची कॉइल टेबलावर चालती ठेवली, तर आदिवासी तालुक्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यास परक्या भाषेतील व्याख्येपेक्षा तिचा अधिक उपयोग होईल.

ह्या ज्ञानास आता अल्पशी मागणीही निर्माण झाली आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले व त्यांस ‘व्हीए’ ही निराळी अक्षरे दिली. अशी वाहने प्रदर्शनापुरती का होईना, चालती ठेवावयाची असतील तर त्यांची ठिणगी जाणणारा कोणी तरी हवा. ज्यांनी ती विद्या उमेदवारी करून मिळविली, ते वस्ताद आता वार्धक्याकडे झुकले आहेत. त्यांचे शब्द त्यांच्या कृतींसह टिपून ठेवण्याचे काम कोशकार आणि तंत्रशिक्षक ह्यांनी एकत्र येऊन करावयाचे आहे. केवळ ‘डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्यूटर’ एवढी नोंद त्यास पुरणार नाही. तो शब्द उच्चारताना वस्ताद टोपीच्या आत काय पाहत होता, हेही त्या नोंदीत आले पाहिजे.