चाकाची खुर्ची : ढकलणाऱ्याची की बसणाऱ्याची?

आईवडील भारतातून चार-सहा महिन्यांसाठी यायचे ठरले की आपल्या घरांत दोन प्रश्न हटकून निघतात. तिकिटाबरोबर व्हीलचेअर मागायची का, आणि इथे आल्यावर फिरायला खुर्ची आणून ठेवायची का? पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण लगेच हो म्हणतात, कारण त्या खुर्चीमुळे लांबलचक चालणे टळते आणि इमिग्रेशनच्या खिडकीशी कुणीतरी सोबत असते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र "मी काय पांगळा झालोय का?" असे उत्तर मिळते. तीच वस्तू विमानतळावर सोय वाटते आणि घरात आली की शिक्षा! मग वडील मॉलच्या बाकावर बसून राहतात, आई "तुम्ही जाऊन या, मी टीव्ही बघते" म्हणते, आणि पार्सिपनीतला त्यांचा सगळा उन्हाळा खिडकीत जातो. असे का होते हे समजायला या खुर्चीचा इतिहास थोडा चाळावा लागतो. तो कळला म्हणजे कोणती खुर्ची घ्यावी हेही बरेचसे कळते.

युरोपात १५९५ च्या सुमारास स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजासाठी संधिवातामुळे एक चाकांची खुर्ची बनवली होती. पाय टेकायला फळी, मागे कलणारी पाठ, सगळे राजेशाही. पण ती ढकलायला नोकर लागे. त्यानंतर साठ वर्षांनी, १६५५ साली, जर्मनीतल्या न्यूरेंबर्गजवळ श्टेफान फार्फलर नावाच्या घड्याळजीने स्वतःसाठी तीन चाकांची गाडी बनवली. त्याचे पाय अधू होते, पण दात्यांच्या चाकांचे काम हातात होते. हाताने दांडा फिरवला की पुढचे चाक फिरे. हवे तेव्हा, हवे तिथे जावे, कुणाची वाट पाहायला नको.

या दोन खुर्च्यांमधला फरक लक्षात ठेवा, कारण पुढचा सारा इतिहास त्याच वाटेने जातो. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या बाथ गावात आजाऱ्यांना गरम झऱ्यांवर नेणाऱ्या 'बाथ चेअर' निघाल्या, त्या पहिल्या जातीच्या. आपल्याकडची डोलीही त्याच जातीची. डोंगरावरच्या देवाला म्हाताऱ्या माणसाला डोलीतून नेत, दर्शन होई, पुण्यही लाभे, पण कुठे थांबायचे आणि कधी परतायचे हे भोई ठरवत. आईवडिलांच्या मनात खुर्चीचे जे चित्र असते ते बहुधा हेच : आपण ओझे आहोत आणि कुणीतरी ते वाहते आहे.

आज इस्पितळात दिसते ती घडीची खुर्ची अमेरिकेत जन्मली. खाणकामाचा इंजिनिअर हर्बर्ट एव्हरेस्ट १९१८ सालच्या अपघातात पाठीचा कणा मोडून बसला. त्या काळच्या लाकडी, अवजड खुर्च्या मोटारीत मावत नसत. त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज हा यांत्रिकी इंजिनिअर. दोघांनी मिळून १९३० च्या दशकात पोलादी नळ्यांची, खाली फुलीसारखा सांधा असलेली आणि मिटणारी खुर्ची बनवली. खुर्ची गाडीत गेली आणि तिच्याबरोबर माणूसही घराबाहेर पडला. पुढे त्यांची कंपनी इतकी मोठी झाली की १९७७ मध्ये अमेरिकन सरकारच्या न्याय खात्याने तिच्यावर मक्तेदारीचा दावा लावला. तोवर खुर्चीत फारशी सुधारणा झालीच नव्हती.

सुधारणा पुन्हा एका बसणारीनेच केली. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकाच्या अखेरीस मॅरिलिन हॅमिल्टन हँग ग्लायडरवरून पडून कमरेखाली अधू झाल्या. ग्लायडर बनवणाऱ्या मित्रांना त्यांनी त्याच अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची खुर्ची करायला सांगितले. ती जुन्या खुर्चीच्या जवळजवळ निम्म्या वजनाची झाली, आणि तिला चक्क रंगही निवडता येऊ लागले!

मधल्या काळात दुसऱ्या महायुद्धाने एक मोठी गोष्ट केली. कणा मोडलेले सैनिक औषधांमुळे जगू लागले. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलच्या इस्पितळात डॉ. लुडविग गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनादिवशीच, सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचे मूळ तिथे. याच परंपरेत आपले मुरलीकांत पेटकर येतात. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. त्याच स्पर्धेत ते खुर्ची वळणावळणाने पळवण्याच्या शर्यतीतही उतरले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १९७४ मध्ये पुण्याजवळ खडकीला अशा जवानांसाठी पुनर्वसन केंद्र निघाले.

नागरी जीवनातले सर्वांत जवळचे उदाहरण कोल्हापूरचे. नसीमा हुरजूक ऐन किशोरवयात कमरेखाली अधू झाल्या. स्वतः अधू असून मोटार चालवणाऱ्या एका गृहस्थांची, बाबूकाका दिवाणांची, भेट झाली आणि त्यांचे जगणे बदलले. त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. वसतिगृह, शाळा, सिंधुदुर्गात काजूचा प्रकल्प असा तिचा व्याप वाढला. त्यांच्या आत्मकथनाचे नावच 'चाकाची खुर्ची' आहे. बसलेले माणूस घर चालवते, संस्था चालवते, हे मराठी वाचकाला या पुस्तकाने दाखवले.

पण खुर्ची चांगली आणि वाट बंद, तर उपयोग काय? मिशिगनमधल्या कलामाझू गावात १९४५ साली जायबंदी सैनिकांसाठी फुटपाथचे कोपरे उतरते केले गेले. आज त्याच उतारावरून आपण बाबागाड्या आणि सामानाच्या ट्रॉल्या नेतो. १९८६ च्या कायद्याने विमान कंपन्यांना भेदभाव करायला मनाई झाली आणि १९९० च्या एडीए कायद्याने सार्वजनिक जागा खुल्या झाल्या. भारतात असा पहिला व्यापक कायदा १९९५ चा, दुसरा २०१६ चा. स्वतः खुर्ची वापरणारे जावेद अबिदी विमानप्रवासाच्या सोयींसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९८ मध्ये त्यांच्या बाजूने आदेश झाले. २००१ साली स्टीफन हॉकिंग आले तेव्हा दिल्लीच्या कुतुबमिनारसारख्या वास्तूंना तात्पुरते उतार बसवले गेले. पाहुण्यासाठी एका दिवसात जे होते ते घरच्यांसाठी पन्नास वर्षे झाले नव्हते!

असो. आता या इतिहासातून आपल्या कामाचे काय ते पाहू.

पहिला प्रश्न : हात चालतात का? चालत असतील तर मागे २४ इंची मोठी चाके असलेली खुर्ची घ्यावी, म्हणजे फार्फलरची. लहान चाकांची 'ट्रान्सपोर्ट चेअर' हलकी आणि स्वस्त असते, पण तिच्यात बसलेल्याला स्वतः हलता येत नाही. दोन तासांच्या फिरण्यापुरती ती ठीक.

दुसरे, माप. दुकानात हटकून १८ इंची बैठक पुढे करतात. आपल्या चणीच्या आजींना १६ इंची अधिक बरी. कमरेच्या मापाहून एखादा इंच जास्त, आणि गुडघ्यामागे दोन बोटे-दोन इंच मोकळे, एवढे पुरे. खुर्चीची एकूण रुंदी बैठकीहून साधारण आठ इंच जास्त असते. म्हणून आधी बाथरूमच्या दाराची उघडी जागा टेपने मोजा. जुन्या गार्डन अपार्टमेंटमध्ये घोडे नेमके तिथेच अडते. हात ठेवायच्या दांड्या निघणाऱ्या असाव्यात, म्हणजे गाडीच्या सीटवर सरकता येते.

तिसरे, धातू. हा माझ्या विषयाचा भाग. पोलादावरच्या क्रोमच्या मुलाम्याला सूक्ष्म छिद्रे असतात. खारट हवेतले क्लोराइड त्यातून आत शिरते आणि खालचे लोखंड गंजते. खुर्ची पुढे रत्नागिरीला किंवा मुंबईला न्यायची असेल तर अ‍ॅल्युमिनियम घ्यावे. त्यावर हवेने आपोआप ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. भरीव टायर पंक्चर होत नाहीत, पण खडबडीत गल्लीत हवेचे टायर अंगाला सुखाचे. विजेच्या खुर्चीची काढता येणारी लिथियम बॅटरी विमानात न्यायची तर एक असल्यास ३०० वॅट-अवर आणि दोन असल्यास प्रत्येकी १६० ही मर्यादा आहे. घेण्यापूर्वी लेबल वाचा आणि विमान कंपनीला आधी कळवा.

चौथे, वापर. उठता-बसताना दोन्ही ब्रेक लावा. पायाच्या फळ्या वर करा, त्यांवर उभे राहिले की खुर्ची पुढे उलटते. तीव्र उतारावर खुर्ची उलटी, मागे मागे उतरवा. उंबऱ्याच्या प्रत्येक इंचामागे फूटभर उतार हवा, म्हणजे सात इंची पायरीला सात फूट फळी. गादी चांगली घ्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी बसण्याची जागा बदलायला लावा. मधुमेही माणसाला दाबाची जखम कळतही नाही.

पाचवे, तिकीट. पायऱ्या चढता येत असतील तर डब्ल्यूसीएचआर, येत नसतील तर डब्ल्यूसीएचएस, आणि सीटपर्यंतही नेऊन बसवावे लागत असेल तर डब्ल्यूसीएचसी अशी नोंद करायला सांगा. अमेरिकेला येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांत, परदेशी कंपन्यांच्याही, ही मदत फुकट आहे.

खर्चाचे म्हणाल तर मेडिकेअर पार्ट बी असलेल्यांना, डॉक्टरांनी घरातल्या वापरासाठी लिहून दिल्यास, वर्षाची ठरावीक रक्कम भरून झाल्यावर मंजूर किमतीच्या ८० टक्के मिळतात. पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांना हे लागू नाही. त्यांच्यासाठी भाड्याने घेणे परवडते. गावातल्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात उसनी मिळते का हेही विचारून पाहावे.

शेवटी मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. गणपतीला, दिवाळीला आपण शाळांची सभागृहे घेतो. आरक्षण करतानाच उताराचे दार कोणते आणि ते त्या दिवशी उघडे असेल ना, हे विचारून आमंत्रणात छापावे. खुर्चीची जागा मागच्या भिंतीशी न ठेवता रांगेत, घरच्यांच्या शेजारी ठेवावी. आणि कुणाची खुर्ची ढकलण्यापूर्वी बसलेल्या आजोबांना आधी विचारावे, "कुठे जायचंय तुम्हाला?"