निद्रात्याग आणि मंत्रसंचय

खेळाचे नियम करणारा मनुष्यस्वभावाविषयीं कांहीं गोष्टी गृहीत धरून चालतो, आणि तेथेंच चतुर खेळाडूस फट सांपडते. १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं अमेरिकेंत प्रसिद्ध केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा मेजाभोंवतीं बसून काल्पनिक साहसें रंगविण्याचा खेळ पाहा. त्यांत पाठ केलेला मंत्र एकदां योजिला कीं मांत्रिकाच्या स्मृतींतून पुसला जाई. ही कल्पना कथाकार जॅक व्हॅन्स याची. मंत्रबळ मोजकें, म्हणून तें केव्हां खर्चावें या विवेकांतच मांत्रिकाच्या खेळाची गोडी होती.

२०१४ च्या पांचव्या आवृत्तींत 'वॉरलॉक' या मांत्रिकाचें बळ तासाभराच्या विसाव्यानें परत येई. 'सॉर्सरर' हा बळाचें रूपांतर करून जादा सांठा करी, मात्र तो सांठा पूर्ण विश्रांतीनंतर नष्ट होई. खेळाडूंनीं एकाच पात्रांत दोन्ही विद्या जोडल्या, आणि त्यास झोपूंच दिलें नाहीं! थट्टेनें त्याचें नांव पडलें 'कॉफीलॉक'. अखेर २०१७ सालीं एका पुरवणी-ग्रंथानें जागरणाबद्दल थकव्याचा ऐच्छिक नियम सुचविला.

नियमाचें अक्षर शाबूत राहिलें खरें. पण एकाचें भांडार अक्षय झालें, कीं त्याच मेजावरील सोबत्यांच्या काटकसरीस कांहीं अर्थ उरत नाहीं.