प्रस्तावना : राज्य कोणाच्या हुकमाने?

राजाला राज्य करण्याचा हक्क कुठून मिळतो, हा प्रश्न अभ्यासायला घेणारा बहुधा कौटिल्यापासून नाहीतर युरोपातल्या राजांच्या दैवी हक्कापासून सुरुवात करतो. नाशिककराने इतके लांब जाऊ नये. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढाव्यात आणि तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात थोडा दम खावा.

सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षात त्याची आजी गौतमी बलश्री हिने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी भिंतीवर कोरवली. त्याने क्षहरातांचा निर्वंश केला, त्याची घोडी तीन समुद्रांचे पाणी प्यायली, पराक्रमात तो राम-अर्जुनाच्या तोडीचा, कर घेतला तो धर्माला धरून. वर तो ‘एकब्राह्मण’, वर्णसंकर थांबवणारा; आणि हे सारे बौद्ध भिक्षूंच्या निवासात! एकच आधार पुरला असता तर एवढी जमवाजमव कशाला लागली असती?

गादी नुकती क्षहरातांकडून हिसकावलेली होती. दहाव्या लेण्यात त्याच कुळातल्या शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात तितक्याच हौसेने बोलतो: 3 लाख गाईंचे दान, देवाब्राह्मणांना 16 गावे, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवलेली 3,000 कार्षापणे. राजकुळ परके, पण पुण्याचा हिशेब इथलाच. पुढे सातकर्णीने नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर आपला छाप मारला. 1906 साली जोगलटेंभीला सापडलेल्या 13,000हून अधिक नाण्यांपैकी 9,000हून अधिक अशी आहेत. काहींवर नव्या छापाखालून जुन्या राजाचा चेहरा अजून डोकावतो.

1674 साली रायगडावर गागाभट्टांना बोलवावे लागले, तेव्हा हाच प्रश्न नव्या वेषात उभा होता. शिवाजी महाराजांच्या त्या राज्याभिषेकावर पुष्कळ लिहिले गेले आहे; नवख्या वाचकाने तिकडेही जरूर वळावे.

पण आधी तिसऱ्या लेण्यातलाच सातकर्णीचा 24व्या वर्षाचा आदेश वाचावा. माझ्या मते तो प्रशस्तीपेक्षा मोलाचा. राजा आणि राजमाता गोवर्धनचा अमात्य श्यामक याला कळवतात: काखडी गावात भिक्षूंना दिलेले शेत कोणी कसत नाही, गावात वस्तीही नाही, तरी नगराच्या शिवेवरच्या आमच्या खासगी शेतातून त्यांना 100 निवर्तने जमीन द्यावी.